धीर, विश्वास आणि मधला काळ : मराठी ख्रिस्ती आत्मपर लेखनातील आध्यात्मिक संघर्ष

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा बाप्तिस्म्याच्या घटनेवर खिळते. धर्मांतर कोणत्या साली झाले, ते कोणाच्या प्रभावाने झाले, त्यामागे मिशनरी शाळेचा वाटा किती आणि जातिबंधनाच्या जाचाचा किती, या प्रश्नांची चर्चा भरपूर झाली आहे. ती आवश्यकही होती. मात्र तिच्यामुळे एक गोष्ट मागे पडली. ज्यांनी आपले अनुभव लिहून ठेवले त्यांच्या दृष्टीने बाप्तिस्मा हा संघर्षाचा शेवट क्वचितच होता. बुद्धीला पटले आहे पण ओठांवर येत नाही, असा एक काळ त्याच्या आधी असे. आणि ओठांवर आले आहे पण मनात अजून पुरते मुरलेले नाही, असा दुसरा काळ त्याच्या नंतर. या दोन्ही मधल्या काळांत माणसाला काय धरून ठेवते, हा या लेखनाचा खरा विषय आहे. धैर्य आणि विश्वास या दोन गोष्टी तेथे आयत्या मिळत नाहीत. त्या सावकाश, पुष्कळदा अडखळत, तयार होताना दिसतात.

प्रथम शब्दांचा विचार केला पाहिजे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ख्रिस्तपुराणा'त ख्रिस्ती श्रद्धेसाठी 'भावार्थ' हा शब्द योजला. संतांच्या भक्तिभावाची ऊब त्यात आहे, आणि गोव्याच्या कोकणीत तो आजही जिवंत आहे. एकोणिसाव्या शतकातील प्रॉटेस्टंट मिशनांनी मात्र 'विश्वास' हा शब्द रूढ केला. मराठी संसारात विश्वास ठेवला जातो तो माणसावर: सावकारावर, शेजाऱ्यावर, सोयऱ्यावर. त्यामुळे 'विश्वास' म्हणताना एखाद्या तत्त्वाला दिलेली मान्यता सूचित होण्यापेक्षा कोणा व्यक्तीच्या शब्दावर टाकलेला भार सूचित होतो. ही छटा भाषांतरकारांनी जाणून साधली की ती अनायासे आली, हा प्रश्न येथे गौण आहे. तिचा परिणाम मोठा झाला, एवढे खरे.

'धीर' या शब्दाची गोष्ट याहून अर्थपूर्ण आहे. धीर धरणे म्हणजे थांबणे, धीर देणे म्हणजे आधार देणे, धीर सुटणे म्हणजे खचणे, धीर होणे म्हणजे धजावणे. सहनशीलता आणि साहस या दोन गोष्टी मराठीने एकाच शब्दात ठेवल्या आहेत. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौल संकटापासून आशेपर्यंतची जी साखळी मांडतो तिची दुसरी कडी मूळ ग्रीक भाषेत 'ओझ्याखाली टिकून राहणे' या अर्थाची आहे, आणि मराठी बायबलात तेथे 'धीर' हाच शब्द येतो. संकटातून धीर, धीरातून शील आणि शीलातून आशा, असा तो क्रम आहे. धीर हा येथे संकटाआधी हाती असलेले भांडवल नव्हे, तर संकटातून निघालेले पीक आहे. ज्याला वाटते की आधी धैर्य येईल आणि मग आपण पाऊल उचलू, त्याला हा क्रम उलटा वाटतो. मराठी ख्रिस्ती चरित्रे वाचताना मात्र तोच क्रम वारंवार खरा ठरतो.

इफिसकरांस लिहिलेल्या पत्रातील शस्त्रसामग्रीचे रूपक सर्वपरिचित आहे. सत्याचा कमरबंद, नीतिमत्त्वाचे उरस्त्राण, विश्वासाची ढाल, तारणाचे शिरस्त्राण. प्रवचनांतून या रूपकाचा उपयोग बहुधा चढाईच्या भाषेत होतो. परंतु तो उतारा नीट वाचला तर त्यातील आज्ञा वारंवार 'उभे राहा' अशी आहे, 'चालून जा' अशी नाही. आणि ती लिहिणारा स्वतः बेड्यांत आहे. त्या यादीतील बहुतेक वस्तू अंगावर धारण करून आपल्या जागी टिकून राहण्याच्या आहेत. योहानाच्या शुभवर्तमानातील निकदेमाची कथा या दृष्टीने लक्षणीय ठरते. तो तीनदाच दिसतो. पहिल्यांदा रात्री, लपत, प्रश्न घेऊन. दुसऱ्यांदा धर्मसभेत, जेथे तो येशूची बाजू उघडपणे घेत नाही. ऐकून घेतल्याशिवाय दोषी ठरवणे नियमशास्त्रात बसते काय, एवढेच तो विचारतो आणि तेवढ्यावरही टोमणा खातो. तिसऱ्यांदा वधस्तंभाजवळ, शिष्य पांगलेले असताना, गंधरस व अगरू घेऊन. त्याच्या मनात काय पालटले हे योहान सांगत नाही. तीन प्रसंग तेवढे ओळीने दिसतात, आणि प्रत्येक वेळी तो मागच्यापेक्षा थोडा अधिक उजेडात आलेला असतो.

या विषयावरचे जे पुस्तक मराठी ख्रिस्ती घरांत लवकर पोहोचले ते म्हणजे हरि केशवजी यांचे १८४१ मधील 'यात्रिक क्रमण'. जॉन बन्यन यांच्या १६७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रूपककथेचे हे भाषांतर मराठी कादंबरीच्या पूर्वेतिहासात नेहमी उल्लेखिले जाते. पण आध्यात्मिक धैर्याविषयी ते काय शिकवते याकडे वाङ्मयेतिहासकारांनी फारसे पाहिलेले नाही. बन्यनचा यात्रेकरू दरीत शत्रूला सामोरा जातो तेव्हा त्याला प्रथम पळण्याची इच्छा होते. मग त्याच्या ध्यानात येते की आपल्या पाठीवर चिलखत नाही, पाठ फिरवली तर घाव बसणारच. म्हणून तो उभा राहतो. येथे वीरश्री नाही, एक साधा व्यवहारी हिशेब आहे. पुढे संशयाच्या किल्ल्यात तो कोंडला जातो आणि निराशेचा राक्षस त्याला आत्मघाताचा सल्ला देतो. सुटकेची किल्ली, म्हणजे देवाचे वचन, त्याच्याच उराशी असते. तिची आठवण तेवढी झालेली नसते. बन्यनने स्वतः तुरुंगात वर्षे काढली होती, आणि कोंडलेल्या माणसाला आपल्या जवळचेच कसे विसरायला होते हे त्याला अनुभवाने ठाऊक असावे.

या रूपकाला मुंबई इलाख्यात लवकरच प्रत्यक्षाची जोड मिळाली. १८३९ मध्ये दोन पारशी तरुणांच्या बाप्तिस्म्याने मुंबईत मोठी खळबळ उडाली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांच्या अल्पवयीन भावाला, श्रीपत याला, न्यायालयाने आईबापांच्या स्वाधीन केले आणि त्याच्या शुद्धीचा वाद गाजला. बाळशास्त्री जांभेकर या वादात प्रायश्चित्ताच्या बाजूने उभे राहिले. धर्मांतर म्हणजे पंक्तीतून उठणे, वारसा सोडणे, आईच्या हातचे पाणी गमावणे, हे तेव्हाच्या प्रत्येक तरुणाला दिसत होते. या भीतीला मानसिक दुर्बलता म्हणणे अन्यायाचे होईल.

बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांचे 'अरुणोदय' हे १८८८ मधील आत्मचरित्र या भीतीचे मराठीतील पहिले सविस्तर दर्शन होय. बेळगावच्या कासार कुटुंबातील हा मुलगा मुंबईत मिशनच्या शाळेत शिकला. ख्रिस्ती मत त्याला पटू लागले, पण ते उघड करण्याचा धीर होईना. याच सुमारास, १८४९ मध्ये, मुंबईत परमहंस सभा स्थापन झाली. मूर्तिपूजा नाकारणारी, जातिभेद मोडणारी आणि एकत्र बसून पाव खाणारी ही सभा गुप्त होती. बाबा तिच्यात वावरले. दिवसा रूढी पाळायची आणि रात्री ती मोडायची, हा तिचा व्यवहार. १८६० च्या सुमारास सभासदांची नावे बाहेर फुटण्याची वेळ आली आणि सभा मोडली. तिच्या सभासदांना केवळ भित्रे म्हणून सोडून देणे सोपे आहे. दादोबा पांडुरंगांसारखी माणसे बुद्धीने आणि कळकळीने कमी नव्हती, आणि पुढील प्रार्थना समाजाचे काही धागे येथूनच निघाले. परंतु गुप्ततेत पोसलेले मत कितीही योग्य असले तरी त्याला उजेडाची सवय होत नाही. बाबांना हे आतून दिसले.

१८५४ मध्ये बेळगावी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'अरुणोदया'त या घटनेपेक्षा तिच्या आधीची चालढकल अधिक वाचनीय आहे, असे वाङ्मयीन दृष्टीने म्हणावे लागते. आईबापांचे दुःख तेथे विरोधकाचे दुःख म्हणून येत नाही. मुलगा ते समजू शकतो, आणि म्हणूनच ते त्याला अधिक अडवते. तीनच वर्षांनी, १८५७ मध्ये, त्यांनी 'यमुनापर्यटन' लिहिले. हिंदू विधवांच्या स्थितीचे निरूपण म्हणून या पुस्तकाची ख्याती आहे. पण त्याच्या पोटात दुसरी एक कथा आहे. यमुना आणि तिचा पती विनायक हे दोघे मनाने ख्रिस्ती आहेत आणि जगापुढे नाहीत. मधला काळ स्वतः भोगलेल्या लेखकाने आपल्या नायिकेलाही त्याच काळात ठेवावे, हा योगायोग वाटत नाही. कादंबरी म्हणून पुस्तकात पुष्कळ उणिवा आहेत, पात्रे मध्येच प्रवचने देऊ लागतात. ही गुप्त श्रद्धेची कुचंबणा मात्र खरी उतरली आहे.

पण उघडपणे कबूल केले म्हणजे संघर्ष संपला, असे समजणाऱ्याने नीलकंठशास्त्री गोरे (१८२५–१८९५) यांचे चरित्र पाहावे. काशीत वाढलेल्या या चित्पावन पंडिताने आरंभी मिशनऱ्यांच्या मताचे खंडन केले आणि १८४८ मध्ये जौनपूर येथे बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या हे नाव स्वीकारले. 'षड्दर्शनदर्पण' लिहून दर्शनांची तर्कशुद्ध चिकित्सा करणारा हाच माणूस पुढे आयुष्यभर संशयाने पछाडलेला राहिला. संन्यस्त ख्रिस्ती बंधुसंघात त्यांनी प्रवेश केला, पण अखेरचे व्रत घेतले नाही. त्यांच्या चरित्रात प्रसन्नतेचे प्रसंग थोडे आहेत. असे असूनही त्यांनी पाठ फिरवली नाही, आणि दुसऱ्यांच्या शंकांचे निरसन करण्यात त्यांचा हात कोणी धरू शकला नाही. ज्याला स्वतःचा संशय ठाऊक आहे त्याच्याजवळच दुसऱ्याचा संशय ऐकून घेण्याइतका धीर असतो, असे अनुमान त्यांच्यावरून काढता येते. ज्यांना त्यांचा उपयोग झाला त्यांत पंडिता रमाबाई होत्या.

रमाबाईंचे (१८५८–१९२२) उदाहरण या विषयात सर्वांत गुंतागुंतीचे आणि म्हणून सर्वांत मोलाचे आहे. १८८३ मध्ये त्या वैद्यकीय शिक्षणाच्या इच्छेने इंग्लंडला गेल्या. श्रवणदोषामुळे तो बेत सोडावा लागला. वाँटेज येथील भगिनीमठात असतानाच त्यांची सोबतीण आनंदीबाई भगत हिने आत्महत्या केली. परक्या देशात, दोन-अडीच वर्षांची मुलगी पदराशी असताना हा आघात सोसून त्यांनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी मुलगी मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला. येथे एखादे भाविक चरित्र थांबले असते. रमाबाईंचा पत्रव्यवहार (अ. भि. शहा संपादित, १९७७) येथून पुढेच खरा तापतो. त्रैक्याचा सिद्धांत, ख्रिस्ताचे देवत्व, अथनेशियन मतांगीकार यांविषयी त्यांनी आपल्या इंग्रज धर्मभगिनींना एकामागून एक प्रश्न विचारले. चर्चच्या अधिकाऱ्यांनी सांगितले म्हणून आपण मान्य करावे, हे त्यांना पटेना. एका पुरोहितवर्गाच्या शब्दाचे जोखड मानेवरून काढले ते दुसऱ्याचे घालून घेण्यासाठी नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. भगिनी जेराल्डीन यांना त्यात अहंकार दिसला. आज पत्रे वाचणाऱ्यास तो दिसत नाही, असे म्हणता येणार नाही. रमाबाई तडजोडीच्या माणसांपैकी नव्हत्या. परंतु ज्या मठाच्या आश्रयावर आपण आणि आपले मूल जगत आहोत त्या मठाशीच श्रद्धेच्या बाबतीत वाद घालणे, यालाही आध्यात्मिक धैर्यच म्हणावे लागते. बाप्तिस्मा घेण्यास लागले त्याहून ते कदाचित अधिकच असावे, कारण येथे टाळ्या वाजवणारे कोणीच नव्हते.

त्यांचा विश्वास वाढला तो मात्र वादातून नव्हे. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झाले, ते पुढच्या वर्षी पुण्यास आले. १८९१ च्या सुमारास त्यांना एक नवीन जाणीव झाली. १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की ख्रिस्ती धर्म आपल्याला आठ वर्षांपूर्वी मिळाला होता, पण स्वतः ख्रिस्त मिळालेला नव्हता. बुद्धीची संमती आणि व्यक्तीवर टाकलेला भार यांतील भेद त्यांनी इतक्या नेमकेपणाने ओळखला होता. या भेदाची परीक्षा दोनच वर्षांनी झाली. सदनात धर्मप्रचार होणार नाही असे आश्वासन होते, आणि ते त्यांनी आपल्या परीने पाळले. पण आपल्या खोलीत त्या मुलीबरोबर प्रार्थना करीत तेव्हा दार उघडे असे आणि सदनातील मुली तेथे येऊन बसत. दार लावून घ्यावे ही अपेक्षा त्यांनी मानली नाही. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. त्या काळच्या पुण्याच्या बाजूनेही या प्रश्नाला उत्तर होते: विधवांच्या शिक्षणासाठी विश्वासाने मुली पाठवणाऱ्यांना आपली फसवणूक झाली असे वाटणे स्वाभाविक होते. हा वाद येथे मिटवण्याचे कारण नाही. रमाबाईंना परमहंस सभेची रात्र नको होती, ही बाब तेवढी नोंदवण्यासारखी आहे. उघड्या दाराची किंमत त्यांनी मोजली, आणि तिचा काही भाग ज्या मुलींचे शिक्षण सुटले त्यांनीही मोजला.

दुष्काळाच्या दिवसांत केडगाव येथे मुक्तिसदन उभे राहिले. तेथे त्यांनी हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करण्याचे काम हाती घेतले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. १९२१ मध्ये मनोरमा आईच्या आधी गेली. एकुलती मुलगी गेल्यावरही भाषांतराचे काम चालू ठेवणाऱ्या या वृद्ध स्त्रीचे चित्र धीर या शब्दाचे दोन्ही अर्थ एकत्र दाखवते.

वरील सर्व उदाहरणे उच्चवर्णीय किंवा निदान शिकलेल्या व्यक्तींची आहेत, ही या विषयाची मोठी मर्यादा होय. अहमदनगर आणि आसपासच्या भागांत जे हजारो लोक ख्रिस्ती झाले ते बहुसंख्येने महार आणि मांग समाजांतील होते. गावकीचे काम, पाणवठा, बलुत्याचा हक्क यांवरून त्यांना जे सोसावे लागले त्याची आत्मचरित्रे लिहिली गेली नाहीत. मिशनच्या अहवालांत ते आकडे म्हणून येतात. त्यांचा धीर भजनांत आणि कीर्तनांत शोधावा लागेल. ते काम अद्याप पुरते झालेले नाही.

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचा मार्ग या लोकभजनांच्या जवळून गेला. १८९३ मध्ये आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने दिलेला नवा करार त्यांनी वाचला आणि डोंगरावरील प्रवचनाने त्यांना बांधून टाकले. तरी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेईपर्यंत त्यांनाही मधला काळ काढावा लागला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत. याचा अर्थ केवळ काव्यरचनेपुरता घेतला जातो, ते अपुरे आहे. मनाशी चालणारी अहोरात्र झुंज आणि तीत नामाचा आधार, ही वारकरी परंपरेची शिकवण त्यांच्या हाताशी होती. आध्यात्मिक संघर्ष म्हणजे काय, हे त्यांना इंग्रजी पुस्तकांतून शिकावे लागले नाही. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडून ख्रिस्ती संन्यास पत्करला आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. पंचावन्नाव्या वर्षी ठरलेला पगार सोडणाऱ्या या माणसाला लहरी म्हणणारे होते, आणि संसाराच्या बाजूने पाहिले तर त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते.

ती संसाराची बाजू लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त (१९३४–३६) आहे, आणि धैर्याच्या विषयावर मराठीत तिच्याइतके चोख लेखन दुसरे नाही. पतीच्या धैर्याच्या दिवशी पत्नीवर आभाळ कोसळले. नवरा जिवंत असून नसल्यासारखा, पोरगा कडेवर, आप्तांची कीव आणि पंढरपूरचा मुक्काम. ही वर्षे त्यांनी रडून काढली आणि पुढे हसत लिहिली. पतीकडे परतल्यावरही त्या लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. सोवळेओवळे, वेगळी चूल, वेगळे पाणी, सारे चालू राहिले; टिळकांनीही जबरदस्ती केली नाही. मग एकदा जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःशीच तासून पाहिला. माणसाने केला असे उत्तर आले, आणि त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास आपली हरकत नाही असे त्यांनी ठरवून टाकले. येथे कोणा मिशनऱ्याचा उपदेश नाही, दृष्टांत नाही. बाप्तिस्मा त्यानंतर झाला. टिळकांनी उडी घेतली, लक्ष्मीबाई पायरी-पायरीने उतरल्या. निकदेमाच्या अधिक जवळच्या कोण, हे सांगण्याची गरज नाही.

टिळकांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' १९१९ मध्ये त्यांच्या मृत्यूने अपुरे राहिले. शाळेचे शिक्षण न मिळालेल्या, नवऱ्याने अक्षरओळख करून दिलेल्या लक्ष्मीबाईंनी उरलेले बहुसंख्य अध्याय ओवीबद्ध केले. ते ग्रंथरूपाने १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांना जाऊन दोन वर्षे झाली होती.